फायनलच्या दिवशी मी मस्कतला होते

नागभीडच्या स्टेशनावर छोटी रेल सुटायच्या बेतात होती आणि बाबा खिडकीचा गज धरून उभे होते. मस्कतच्या एका दवाखान्यात मला नर्सची नोकरी लागली होती. धाकटी बहीण नंदा रडून लाल झालेली. बाबा मात्र कोरडे. गाडी हलली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "सुमन, तिथी टीव्हीवर मॅच दिसते ना वं?"

मी म्हटलं, दिसते. मला तरी कुठे माहीत होतं!

माय आम्ही लहान असतानाच गेली. बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मॅचच्या दिवशी ते दुपारीच शटर ओढून घरी यायचे, हाताचं ग्रीस घासलेटनं पुसायचे आणि टीव्हीसमोर बसायचे. त्यांच्या शेजारी मी. क्रिकेट आमच्या दोघांचं होतं. नंदाला त्यातलं काही कळत नसे. ती चुलीजवळून ओरडायची, "चौका मारला का औट झाला? दोन्हीले सारखेच बोंबलता तुम्ही!"

तुमच्यापैकी जे गावाकडेच राहिले, त्यांना सांगून कळणार नाही. जे माझ्यासारखे बाहेर गेले, त्यांना सांगावं लागणार नाही. परदेशात जेवणाची सवय होते, उन्हाची होते, अरबी चार शब्द जिभेवर येतात. पण रविवारी फोनकार्ड घासून घरी फोन लावावा आणि मागून हसण्याचा आवाज यावा, मग कुणीतरी म्हणावं, "काही नाई वं, असंच," याची सवय होत नाही.

दोन हजार तीनच्या वर्ल्डकपची फायनल आली, तेव्हा माझी दुपारची ड्यूटी होती. बदलून मागितली, पण आमच्या वॉर्डातल्या सगळ्याच हिंदुस्थानी नर्सेसनी मागितली होती. एका म्हाताऱ्या ओमानी पेशंटच्या खोलीत टीव्ही होता. त्याला काही फरक पडत नव्हता, म्हणून मी मॅच लावून ठेवली. जाता-येता बघायची. समोरच्यांनी धावांचा डोंगर केला. तरी मला आशा होती. आपली बॅटिंग सुरू झाली तेव्हा मी सलाईनची बाटली बदलत होते, आणि ज्याच्यावर सगळ्यांची भिस्त, तो पहिल्याच ओव्हरमध्ये गेला. माझ्या तोंडून काय आवाज निघाला कोण जाणे. म्हाताऱ्यानं टीव्हीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हात हलवत म्हणाला, "मालेश, बिंती." जाऊ दे, पोरी.

भला माणूस होता. पण मला जाऊ द्यायचं नव्हतं. माझ्याइतकंच खचलेलं कुणीतरी मला शेजारी हवं होतं.

मॅच संपल्यावर जेवणाच्या सुट्टीत मी घरी फोन लावला. नंदानं उचलला. आवाज बसलेला.

"ताई, हरलो वं आपण."

आपण! हिला औट कशाला म्हणतात ते माहीत नाही!

"बाबाले दे."

"नाई येत ते. रडून राह्यले."

मागून माणसांचा गलका ऐकू येत होता. टीव्ही अंगणात काढला होता आणि अर्धी गल्ली आमच्या घरी जमली होती. माय गेली तेव्हाही मी बाबांना रडताना पाहिलं नव्हतं. ते नंदानं पाहिलं, माझ्या जागेवर बसून. फोन ठेवला आणि डबा न उघडताच वॉर्डात परतले.

पुढे प्रत्येक सुट्टीत तेच. चार माणसं बसली की फायनल निघायचीच. शेजारचे रफीकभाई टेलर सांगायचे, "मशीन बंद करके मी तुमच्याच ओट्यावर बसलो होतो, बेटी. पाऊस आला मॅचमधी, तं आम्ही दुवा मांगली का पावसा, आता थांबूच नको." प्रत्येकाला आपली जागा पाठ. कोण पायरीवर, कोण अँटेना धरून छतावर. दुःखाचीच गोष्ट, पण सांगताना सगळे हसायचे. मी चहा द्यायची. बाबा एकदा सहज बोलून गेले, "नंदीनं माहा हात धरला होता." मी रिकामे कप गोळा करून आत गेले.

पुढच्या वर्ल्डकपला मी हट्टानं सुट्टी घेतली, बाबांशेजारी बसायला. मी नागभीडला पोचायच्या आधीच आपली टीम बाहेर! नंदा आणि मी अंगणात लाखोळीची डाळ निवडत होतो. ती हसून म्हणाली, "यंदा तं रडाले बी नाई भेटलं."

माझा तोल गेला. "तुले काय कळते रडाचं? तो दिवस माझा होता, नंदे. तू काऊन बसली तिथी?"

नंदाचे हात थांबले. "तू गेल्यावर बाबा एकटेच टीव्हीसंगं बोलत होते. पाहवे ना, म्हणून बसली. मले अजून बी समजत नाई तो खेळ." मग तिचाही आवाज चढला. "त्या दिवशी हात म्या धरला, अन् ते म्हणत काय होते? 'सुमन तिथी एकटी पाहून राह्यली असन.' तेच म्हणत रडले. फायनलसाठी नाई रडले ते! मी बाजूले बसली होती ना. मी दिसली का त्याइले?"

तिचे डोळे भरले होते आणि ते पुसायला ती तयार नव्हती. आम्ही दोघी कितीतरी वेळ डाळ नुसतीच या सुपातून त्या सुपात करत राहिलो.

आता बाबा नाहीत. नंदा चंद्रपूरला असते, दुकानात दुसराच कुणी पंक्चर काढतो. तिनं धरलेला तो हात मला अजून हवा आहे, आणि त्या दिवशी बाबांच्या तोंडी असलेलं नाव तिला. फोनवर आम्ही अजूनही भांडतो. मस्कतच्या होस्टेलात नवीन आलेल्या मुली विचारतात, "दीदी, गावी कोण आहे तुमचं?" मी सांगते, माझ्यावर जळणारी एक बहीण आहे. आणि मी तिच्यावर.