मानेचा घेर

आमच्या यांना रेवदंड्यात कोणी मार्तंड म्हणून ओळखत नाही, सगळे मास्तर म्हणतात. एकतीस वर्षं यांनी शाळेत गणित शिकवलं आणि उरलेल्या वेळात आमच्या वाडीत माडाची रोपं पास-नापास केली. शाळेतून निवृत्त झाले, वाडीतून होण्याचं काही चिन्ह नाही.

रोप दहा महिन्यांचं झालं की यांची परीक्षा सुरू. नारळ लवकर उगवलेला हवा, बुंध्याचा, म्हणजे यांच्या भाषेत मानेचा, घेर दहा सेंटिमीटर हवा आणि शेंडा सरळ हवा. तिन्हीत पास झालं तर विकायचं. एका कसोटीत जरी घसरलं, तर शेंड्यावर कोयता. कोणी फुकट मागितलं तरी नाही. "माझ्या दारातून नापास रोप बाहेर गेलेलं नाही," असं हे छाती पुढे काढून सांगतात, आणि मी स्वयंपाकघरात गप्प बसते.

मला बघायला आले होते तेव्हाही यांनी पोहे बाजूला ठेवून माझ्या आईला विचारलं होतं, "मुलगी कितव्या महिन्यात चालायला लागली?" आई बिचारी गोंधळली. "नववा," म्हणाली. यांनी मान डोलावली आणि मग पोहे खाल्ले. चौतीस वर्षं झाली त्याला.

आता निकेतचं सांगते, कारण सगळं त्याच्यामुळे झालं. निकेतचं काशीदला रिसॉर्ट आहे. निसर्ग वादळात त्याचे झाडून सगळे माड आडवे झाले. पुढच्या वर्षी त्याने यांच्याकडून दोनशे रोपं नेली, आणि चार वर्षांत त्यातलं एकही मेलं नाही. तेव्हापासून निकेतची यांच्यावर अशी काही श्रद्धा बसली की आचारी ठेवायचा तरी यांना विचारून आणि गाडी घ्यायची तरी यांना विचारून. यंदा त्याने बास्केटबॉलचा संघ घेतला. राज्यात नवी व्यावसायिक लीग सुरू होतेय म्हणे. पहिल्यांदाच लीगमध्ये खेळणारी तेरा पोरं आली होती, घ्यायची होती बारा, आणि लीगला हवा होता प्रत्येकाचा मूल्यमापन अहवाल. त्याच्यावर एक सही प्रशिक्षकाची, दुसरी स्थानिक तज्ज्ञाची.

"मास्तर, तुमच्याशिवाय आहे कोण?" निकेत म्हणाला.

यांनी उभ्या आयुष्यात बास्केटबॉल पाहिलेला नव्हता. पण नाही म्हणणं यांच्या स्वभावात नाही, ते फक्त रोपांना म्हणतात. दुसऱ्या दिवशी शिवणकामाची माझी टेप खिशात घालून काशीदच्या एसटीत बसले.

प्रशिक्षक होता साहिल, चार दिवसांपूर्वी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरून आलेला, मुंबईचा मुलगा. त्याने पाहिलं तर मास्तर स्टुलावर उभे राहून साडेसहा फुटी पोरांच्या माना मोजतायत.

"काका, हे काय चाललंय? यांचा स्पीड बघायचा असतो, उडी बघायची असते."

"उडी माकडंही मारतात," हे म्हणाले. "घेर सांगतो, लिहून घ्या."

घेराचा हिशेबही यांनी रीतसर मांडला होता. दहा महिन्यांच्या रोपाला दहा सेंटिमीटर, तर वीस वर्षांच्या पोराला किती? त्रैराशिकाने उत्तर आलं दोनशे चाळीस. तेवढी मान असलेला खेळाडू रिसॉर्टच्या दारातून आत येणार नाही हे लक्षात आल्यावर यांनी मोठ्या मनाने सवलत दिली आणि अडतीसवर पास ठरवलं.

मग यांनी तेरा जणांना गाड्या लावायच्या मैदानात पंचवीस-पंचवीस फुटांवर उभं केलं. "याहून जवळ लावलं की एकमेकांचं ऊन खातात." पोरं उन्हात उभी. साहिल मात्र डोळे मोठे करून बघत राहिला. "अरे, हीच तर स्पेसिंग! चार दिवस बोंबलून सांगतोय यांना, जवळ जवळ येऊ नका म्हणून!" त्या क्षणापासून साहिलसुद्धा अर्धा गळाला लागला.

राहिली उगवण. पोर कितव्या महिन्यात चाललं हे विचारायला यांनी तेराही आयांना फोन लावले. शेवटचा फोन शुभमच्या आईला, सुचिताला. नागोठण्याच्या आतल्या बाजूला भातशेती करणारी माणसं.

"दोन वर्सांचा झाला तरी चालायचं नाव न्हाय, मास्तर," ती म्हणाली. "मी लावणीला गेले की बांधावर बसवून ठेवायची. तिथनं बेडकांना मातीचे गोळे मारीत बसायचा. नेम मातर चुकत न्हवता."

यांनी लिहिलं, "उगवण फार उशिरा." नेमाला यांच्या तक्त्यात रकाना नव्हता.

शुभमची मान भरली पस्तीस. भाताचे भारे वाहून डावा खांदा उतरलेला, म्हणजे शेंडाही वाकडा. तिन्ही कसोट्यांत नापास होणारा तो एकटाच.

शनिवारी संध्याकाळी अहवाल जायचा होता, म्हणून दुपारी तेराही जण आमच्या वाडीवर जेवायला आले. ती पोरं पंगतीला बसली तेव्हा सगळ्यांचे गुडघे पानात येत होते. साहिल ताक मागायच्या निमित्ताने आत आला.

"काकू, तो शुभम लांबून दहापैकी आठ टाकतो. असा नेम मी बघितलेला नाही. पण निकेतशेठ म्हणतात, मास्तरांनी नापास केलं म्हणजे केलं. त्यांचे दोनशे माड जगलेत ना! तुम्ही बोला काहीतरी."

मी त्याला ताक दिलं. भांडी घासायला विहिरीमागे गेले, तर तिथल्या वाकड्या माडाला टेकून शुभम बसलेला.

"काकू, नागोठण्याला जायला सोमवारची पयली गाडी कितीला हाय? मी कामाला हाय त्या कंपनीवाल्यांनी सांगितलंय, सोमवारी हजर न्हाय झालो तर नाव कमी करतील."

तक्रार नाही, रडारड नाही. गाडीची वेळ विचारली नुसती. मला राग आला, तोच जुना राग. मी हात पुसले आणि यांना बोलावून आणलं.

विहिरीमागे आमचे तीन माड आहेत. निसर्ग वादळात वाडीतले बेचाळीसपैकी एकोणीस माड मोडले, हे तीन जागचे हलले नाहीत. पडलेल्या नारळातून आपोआप उगवलेत असं हे समजत. वादळानंतर यांनी त्यांच्यावर लाल रंगाने आकडे घातले आणि बियाण्याचे नारळ फक्त त्यांचेच धरले. पाहुण्यांना हात लावून दाखवायचे, "याला म्हणतात जात!"

"अहो, हे माड आपोआप नाही आले," मी म्हणाले. "चौऱ्याण्णव साली तुम्ही नापास केलेली रोपं आहेत ती. तुम्ही कोयता आणायला गेलात आणि मी तीन उचलून इथे लावली."

यांनी खिशातून टेप काढली आणि तिन्ही माडांचे बुंधे मोजले. एकदा, दोनदा, तीनदा.

"का केलंस?"

"दया आली. आणि तुमचा राग आला."

बराच वेळ हे टेप गुंडाळत होते. शेवटी म्हणाले, "अपवाद आहे हा."

"तिन्ही?"

"तीन अपवाद."

"दोनशे तीन," मी म्हणाले. "निकेतची रोपं याच माडांची आहेत. ज्यांच्या जोरावर तुम्ही त्या पोराला घरी धाडताय, ती."

गणिताच्या माणसाला आकड्याशी भांडता येत नाही. मी पुरतं सांगून टाकायचं ठरवलं.

"दोनशे चार धरा. मी नवव्या महिन्यात चालले नव्हते. अठराव्या महिन्यात चालले. आईने निम्मं सांगितलं."

यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. चौतीस वर्षं ज्या पायांनी मी यांच्या वाडीत पाणी शिंपलं, त्यांच्याकडे हे पहिल्यांदाच बघत असावेत असं बघितलं. मग घरात गेले आणि दार लावून अहवाल लिहायला बसले.

संध्याकाळी निकेतने तो मोठ्याने वाचला. शुभमपाशी आला तेव्हा मी दाराला धरून उभी होते. यांनी एक अक्षरही बदललं नव्हतं. उगवण उशिरा. घेर अपुरा. शेंडा डावीकडे. निकाल नापास. माझे डोळे भरून आले. मग निकेत थांबला आणि त्याने खालचा शेरा वाचला: "लावावे. पाणी जास्त घालावे."

"वा!" निकेत म्हणाला. "काय नजर आहे!"

गाळायला साहिलने रघूचं नाव दिलं. रघूची मान चव्वेचाळीस, तिन्ही कसोट्यांत पहिला, पण आठ दिवसांत टोपली कुठल्या बाजूला आहे हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. निकेतने त्याला रिसॉर्टच्या फाटकावर ठेवला आणि तो तिथे मजेत आहे.

शेरा मात्र साहिलने शब्दशः पाळला. पहिला सामना आम्ही टीव्हीवर पाहिला. दर दहा मिनिटांनी कोणीतरी शुभमला बाटली भरून पाणी पाजत होतं, आणि पोर सामना सोडून दोनदा आत पळालं. तिसऱ्यांदा आत जाऊन धावत परत आलं ते थेट मैदानात, आणि तिथूनच, अर्ध्या मैदानावरून, बॉल टोपलीत. हे खुर्चीतून उठले. "नापास आहे तो!" असं शेजाऱ्यांना ओरडून सांगितलं, इतक्या अभिमानाने की शेजारी बावचळले.

त्या शनिवारनंतर आमच्याकडे एक नवीनच सुरू झालंय. रोज सकाळी वाडीत शिंपण करून आले की हे पाण्याने भरलेला तांब्या माझ्यासमोर आणून ठेवतात. मी तो पूर्ण पिईपर्यंत उभे राहतात, आणि मग चहा मागतात.