दोनदा म्हटलेलं हो

माझे बाबा कोणत्याही प्रश्नाला "हो हो" म्हणतात. मासेवाली दारात टोपली उतरवून विचारते, "बांगडे देऊ की सौंदाळे?" बाबा म्हणतात, "हो हो." ती बिचारी दोन्ही देते आणि आम्ही दोन दिवस मासे खातो. शेजाऱ्याने एकदा दिवसभरासाठी स्कूटर मागितली, तेव्हाही "हो हो". संध्याकाळी बाबा स्कूटर चोरीला गेली म्हणून पोलिसात निघाले होते. विहारातल्या रविवारच्या वाचनाला ते आता पहिल्या रांगेत बसतात. का, तर म्हणे, "फुडं वारा लागतो." पंखा मागच्या भिंतीला आहे.

पंचायत समितीत जन्मभर कारकुनी केलेला माणूस. अर्जात काना-मात्रा चुकली तर परत पाठवणारा. त्याने "मला कमी ऐकू येतं" असं कसं म्हणावं? एकदा "हो" म्हणजे ऐकलं आणि दोनदा "हो हो" म्हणजे ऐकलं नाही, हा हिशेब मला फार उशिरा कळला. तोवर मी नुसतीच चिडत होते. चिडण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

मी रत्नागिरीतच एका छोट्या ऑफिसात सॉफ्टवेअर लिहिते. चौघंजण, दोन खोल्या, एक चहाचा थर्मास. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे गावातली रक्त तपासायची लॅब. पेशंटने आपला मोबाईल नंबर घालायचा, फोनवर चार आकडी ओटीपी येतो, तो टाकला की त्याचा रिपोर्ट उघडतो. ओटीपी पाठवण्याचं आणि तपासण्याचं काम बाहेरची एक कंपनी करते. आमचा प्रोग्राम तिला विचारतो, "हा आकडा बरोबर का?" तिकडून उत्तराचा कोड येतो. दोनशे म्हणजे ठीक. चारशे एक म्हणजे ओळख पटली नाही, बाहेर ठेवा. हे सगळं मीच लिहिलं होतं आणि मला त्याचा बऱ्यापैकी तोरा होता.

त्या दिवशी बाबांचा साखरेचा रिपोर्ट यायचा होता. बाबा घरच्या कॉम्प्युटरवर तो उघडायला बसले, पण लॅबमध्ये नंबर माझा दिलेला, त्यामुळे ओटीपी माझ्या फोनवर आला. मी ऑफिसातून फोन करून ओरडून सांगितलं, "एकोणसत्तर, त्रेचाळीस!"

"हो हो," बाबा म्हणाले. थोड्या वेळाने त्यांचाच फोन आला. "उघडला लगेच! साखर बरी हाय."

संध्याकाळी घरी आले, तर कॉम्प्युटरजवळ त्यांची चिठ्ठी होती. ते सगळं लिहून ठेवतात. निळ्या शाईत, सुबक अक्षरात: ५९ ४३.

"बाबा, मी किती सांगितलं होतं?"

"एकोणसाठ त्रेचाळीस. लिवून ठेवलाय ना."

"एकोणसत्तर! सत्तर! तुम्हाला ऐकू येत नाही, एवढं कबूल करायला काय जातं तुमचं?" मी खेकसले. बाबा चष्मा पुसायला लागले. आणि चपला काढता काढता मला प्रश्न पडला. आकडा चुकीचा होता, मग रिपोर्ट उघडला कसा?

तिथेच बसून मी त्या वेळच्या नोंदी काढल्या. ओटीपी पाठवल्यावर त्या बाहेरच्या कंपनीचा सर्व्हर बसला होता. आम्ही विचारलं आणि पलीकडून काहीच उत्तर आलं नाही. अशा वेळी काय करायचं, हे ठरवणारी एक ओळ माझीच होती. सुरुवातीला पेशंट अडकून पडतात अशी तक्रार आली, तेव्हा मी ती तात्पुरती म्हणून घातली होती. तात्पुरता घातलेला मांडव आपल्याकडे किती वर्षं उभा राहतो ते सगळ्यांना माहीत आहे. ओळ म्हणत होती: उत्तर आलं नाही, तर दोनशे परत कर. म्हणजे ठीक. म्हणजे हो हो. सर्व्हर बसलेला असताना कोणीही कोणाचाही नंबर घालून, मनाला येईल तो आकडा टाकून, त्याचा रिपोर्ट वाचू शकत होतं.

मौन म्हणजे होकार. माझ्या लग्नाच्या वेळी बाबांनी विचारलं, तेव्हा मी गप्प बसले होते. त्यांनी बाहेर जाऊन पाहुण्यांना "हो" सांगितलं. ते लग्न टिकलं नाही, ते असो. पण गप्प बसण्याचा अर्थ दुसऱ्याने लावला की काय होतं, हे जिला पक्कं ठाऊक, तिनेच ही ओळ लिहावी? मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

ओळ मी तेव्हाच बदलली. पाच मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात सांगितलं, तर एकजण म्हणाला, "झालं ना दुरुस्त? मग झाकली मूठ सव्वा लाखाची." खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटत होतं. लॅबचं काम गेलं तर आमचा थर्माससुद्धा परवडणार नव्हता. पण इथे बाजारात भेटलेला माणूस तुमच्या आजीचं माहेर सांगतो. कोणाला दिवस गेलेत, कोणाला कसला आजार आहे, हे गावभर व्हायला एक दुपार पुरते. ते झालं होतं की नाही, हे लॅबला विचारल्याशिवाय कळणार नव्हतं.

लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला कळलं असतं?"

"नाही."

त्या बराच वेळ गप्प होत्या. त्या मौनाचा मी काहीच अर्थ लावला नाही.

"आधी यादी काढा," त्या म्हणाल्या. "रागावते मग."

सर्व्हर जेव्हा जेव्हा बसला होता, तेव्हा आत गेलेल्यांची यादी एका पानात मावली. लॅबमधल्या मुलीने एकेकाला फोन लावले: तुमचा रिपोर्ट तुम्हीच उघडला होता ना? सगळे हो म्हणाले. एक आजोबा "हो हो" म्हणाले, तेव्हा मी तिला थांबवलं आणि त्यांच्या सुनेला विचारायला लावलं. तिनेच उघडला होता. कोणाचंही काही बाहेर गेलं नव्हतं. मी लॅबच्या पायरीवर बसून रडले. नंतर बाई कबूल केल्याप्रमाणे रागावल्या, आणि काम आमच्याकडेच ठेवलं.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं, समोर बसून, सावकाश. ते म्हणाले, "म्हंजे माझा आकडा चुकला."

"चुकला म्हणून तर सापडलं, बाबा."

"आणि तुझ्या मशिनीनं नुसता हो हो केलन?"

"खाण तशी माती," मी म्हटलं. ते हसले नाहीत. पण उत्तर आलं नाही तर पेशंटला दाखवायचं वाक्य त्यांनीच मला लिहून दिलं, निळ्या शाईत: 'आपला आकडा तपासता आला नाही. कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा.' लॅबच्या पानावर आज तेच आहे, काना-मात्रेसकट.

त्यानंतर आठवड्याभराने मी कांदा चिरता चिरता स्वयंपाकघरातून म्हटलं, "बाबा, उद्या दहाला कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. याल ना?"

"हो...," बाहेरून आवाज आला आणि मध्येच थांबला. खुर्ची सरकली. बाबा दारात येऊन उभे राहिले.

"काय बोललीस ता ऐकाय नाय आला," ते म्हणाले. "परत बोल."

मी सुरी खाली ठेवली आणि त्यांच्याकडे बघून परत बोलले.

"हो," बाबा म्हणाले. एकदाच.