दादाचा मिटणारा चाकू

नातवाने परवा महागडा मिटणारा चाकू मागवला. "आजी, याची धार वर्षभर जात नाही," म्हणाला आणि त्याने पातं खटकन उघडलं. त्या आवाजासरशी मला एकोणीसशे साठनंतरच्या वर्षांतला कोरेगावचा आमचा गोठा दिसला.

माझा थोरला भाऊ फौजेतून सुट्टीवर आला होता, येताना असाच चाकू घेऊन. "विलायती पोलाद हाय," म्हणत दादाने आठवडाभर ऊस सोलून, सुंभ कापून आळीला धार दाखवली. निघायच्या दिवशी सकाळी वासराच्या गळ्याला दाव्याचा फास बसला. दादा धावला, पण पातं ओल्या दाव्यावरून नुसतं घसरत राहिलं. वासराने डोळे फिरवले. शेणाचा ओला वास, दादाच्या मनगटावरचा घाम, ते दात खाऊन ओरडणं: "आरं, काप की!" शेवटी आईने विळ्याने दावं तोडलं. वासरू वाचलं. दादाने चाकू उकिरड्यात भिरकावला आणि न जेवताच ट्रंक उचलली.

तेव्हा वाटलं, चाकूने फसवलं म्हणून चिडलाय. आता कळतं, जाण्याआधी घरचं एक काम तरी त्याला धड करायचं होतं.

स्टेशनवर तो म्हणाला, "आये, फुडच्या बारीला चांगला चाकू आणतो."

"चाकू नगं," आई म्हणाली. "सुट्टी जास्तीची घिऊन ये."