बत्तीस मशिनींची चाल

माझी मावशी कपड्यांच्या कारखान्यात मेकॅनिक होती. बत्तीस शिलाई मशिनी तिच्या ताब्यात. मशीन अडली की बाकीचे मेकॅनिक आधी स्क्रू काढायला घेत, मावशी आधी ऐकायची. मिनिटभर गप्प उभी राहायची आणि सांगायची, सुई वाकलीय, नाहीतर बेल्ट ढिला झालाय. एकोणीस वर्षांत ती क्वचितच चुकली. म्हणून तिथं तिचं नावच ‘कान’ पडलं होतं. “कानाला बोलवा,” अशी हाक गेली की ही खांद्यावरच्या फडक्याला हात पुसत निघालीच.

गाण्याशी मात्र तिचं काही देणंघेणं नव्हतं. घरी कुणी गुणगुणलं तरी म्हणायची, कारखान्यात दिवसभर ऐकून आलेय, आता शांतता द्या.

मग मालकांनी सगळ्या जुन्या मशिनी काढून नव्या आणायचं ठरवलं. नव्या बिनआवाजाच्या. जुन्या सहा आठवड्यांत भंगारात जाणार होत्या. मावशी आधी म्हणाली, बरं झालं, माझ्या पाठीला आराम. पण चार दिवसांनी ती माझ्याकडे आली आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच विचारलं, की फोनवर आवाज नीट पकडायचा तर काय करावं लागतं. मी रेडिओच्या जाहिराती कापण्या-जोडण्याचं काम करते, म्हणून मला विचारलं.

जेवणाच्या सुट्टीत एकेका मशिनीशी फोन धरून तिनं सगळे आवाज घेतले. मी माझा जुना लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला आणि एकच गोष्ट दाखवली. एका टाक्याचा ‘टक’ कापून घेतला, तो थोडा चढवला, थोडा उतरवला, असे त्याच एका तुकड्याचे सात सूर केले आणि ओळीनं वाजवले. मावशीनं ते पुन्हा एकदा वाजवायला लावले. मग माझ्या हातातला माऊस काढून घेतला.

त्यानंतर दर रविवारी सकाळी ती माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसायची. तिला सा कुठला आणि रे कुठला ते कळत नव्हतं, पण दोन आवाज एकमेकांना खुपत असले की लगेच कळायचं. “हे दोघं भांडतायत,” म्हणायची आणि एकाला केसभर सरकवायची. मी गुपचूप सूर मोजणाऱ्या ॲपवर तपासून बघायचे. दरवेळी तिचंच बरोबर निघायचं. कापडाच्या कडा शिवणाऱ्या ओव्हरलॉक मशिनीच्या घरघरीचा तिनं ठेका केला, बॉबिनवर दोरा भरतानाच्या सुं-सुंमधून वरचे सूर काढले. चौथ्या रविवारी दीड मिनिटाची चाल तयार झाली, आणि ती खरंच चाल होती, दिवसभर माझ्या डोक्यातून जाईना.

फक्त तिच्यात एकतीसच मशिनी होत्या. सतरा नंबरची मशीन हळू चालवली की किंचाळायची. तेल, बेल्ट, बेअरिंग, सगळं बदलून झालं होतं, दाद देत नव्हती. चालीत घातली की सगळा विचका. मावशी म्हणाली, कोण मोजायला बसलंय. मीही म्हटलं, सोडून दे.

सोमवारी तिनं सुट्टीत मशिनींवरच्या बायकांना चाल ऐकवली. जिला तिला आपली मशीन ऐकायची घाई. सतरा नंबरवर कॉलर शिवणारी बाई मुळात मोजकंच बोलणारी. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि इअरफोन काढून टेबलावर ठेवले.

“माझी नाही यात.”

मावशीनं सांगितलं, की खूप प्रयत्न केला, पण तुझी त्यात बसत नाही.

“नाहीच बसत ती कशात,” बाई म्हणाली. “मी बसले तिच्यापाशी बावीस वर्षं.”

आणि उठून कामाला लागली.

संध्याकाळी मावशी माझ्याकडे आली ती चेहरा पाडून. चहा समोर तसाच. पुढच्या रविवारी तिनं सगळी चाल उसवली. तोवर ती सतराला बाकीच्यांच्या सुरात ओढत होती. आता तिनं ती किंचाळी लांबवली, खूप खाली उतरवली आणि उरलेल्या एकतीस मशिनी तिच्या सुराला लावल्या. किंचाळीचा एक लांब, भरलेला सूर झाला, कुणी ओठ मिटून गुणगुणावं तसा. त्याच्यावरून बाकीच्यांचे टाके धावू लागले. पहिल्यापेक्षा ही चाल कितीतरी चांगली झाली होती, आणि ते तिलाही कळलं होतं.

जुन्या मशिनींच्या शेवटच्या दिवशी मॅनेजरनं सूचनांच्या भोंग्यावरून ती लावायला परवानगी दिली. मीही गेले होते. मशिनी भिंतीशी रांगेनं लावलेल्या, टेबलं रिकामी. चाल सुरू झाली आणि एक बाई म्हणाली, ही माझी. मग दुसरी म्हणाली. तो लांब सूर आला तेव्हा सगळ्यांच्या माना एकीकडे वळल्या. सतरा नंबरची बाई ताठ बसली होती, हात मांडीवर. तिनं कुणाकडे पाहिलं नाही, पण तिचं लक्ष कुठं होतं ते सगळ्यांना दिसत होतं. चाल संपल्यावर तीच म्हणाली, “परत लाव.”

तीनदा लावली. मॅनेजर मावशीचं अभिनंदन करायला आला, तर ही त्याला म्हणाली, की डाव्या भोंग्याचा पडदा फाटलाय, उद्या बदलून देते. शेजारच्या अनोळखी बाईला मी सांगून टाकलं, ही माझी मावशी.

नव्या मशिनींवर ती आता शिकून तयार झालीय. काही बोलतच नाहीत मेल्या, अशी तक्रार करते. रविवार तिनं सोडलेला नाही. जिन्याचा कठडा, शेजाऱ्यांचं फाटक, माझ्या कुकरची शिट्टी, सगळं आता तिच्याच झालेल्या त्या जुन्या लॅपटॉपमध्ये आहे. गेल्या महिन्यात आमच्या रेडिओनं बत्तीस मशिनींची चाल सकाळच्या कार्यक्रमाच्या सुरुवातीला घेतली. श्रेयनामावलीत काय लिहू, संगीतकार की संयोजक, असं मी तिला फोनवर विचारलं.

“मेकॅनिक लिही,” ती म्हणाली. “आणि सगळ्यांचे नंबर लिही, एक ते बत्तीस.”

निवेदकाला ते वाचायला अर्धं मिनिट जास्त लागतं. तो रोज वाचतो.