पहारेकऱ्याचा उजवा हात

माझा धाकटा भाऊ गेला, त्यानंतर त्याचं घर रिकामं करायचं काम माझ्या वाट्याला आलं. आई म्हणाली, "तूच कर बाई, माझ्याच्यानं नाही होणार." नातेवाइकांनी पुण्याहून फोनवर भरपूर धीर दिला, खोकी उचलायला मात्र कोणी फिरकलं नाही. डेंग्यूचं निमित्त झालं आणि आठवड्याभरात धडधाकट माणूस संपला. मला स्वतःलाच ते पटत नव्हतं, तर त्यांना काय दोष द्यायचा.

घरात सामान थोडंच होतं. लग्न केलेलं नव्हतं त्यानं. एक पलंग, दोन कुकर, इस्त्रीचं टेबल आणि हॉलच्या भिंतीभर काचेची कपाटं. त्या कपाटांत पुतळे. परदेशी कॉमिक्समधले नायक, खलनायक, पंख असलेल्या बायका, असलं सगळं. राळेत दगडाची भुकटी मिसळून ओतलेले, हे असे जड. कंपनी ते मोजकेच काढते आणि पुन्हा काढत नाही. प्रत्येकाच्या बुडाखाली त्याचा क्रमांक असतो. "ताई, असा दुसरा होणार नाही आता," तो कौतुकानं सांगायचा. मी म्हणायचे, "सुटलो."

आम्ही दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलो. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत होते. रविवारी ते आम्हाला दर्यागंजला न्यायचे आणि फुटपाथवरच्या ढिगातून जुनी परदेशी कॉमिक्स घेऊन द्यायचे. त्यांची शेवटची पानं बहुधा गायब असायची. मी माझ्या मनानं शेवट रचून, चित्रं काढून ती पानं आत डकवायचे. तो ती उपटून काढायचा. "नाहीये तर नाहीये. तुझं खोटं कशाला लावतेस?" मग मैद्याची खळ करून फाटलेली पानं जोडत बसायचा, कडेला कड लावून, जीभ दातात धरून. इतका हट्टी पोरगा मी दुसरा पाहिला नाही.

पुढे बाजार उघडला. लोकांनी रंगीत टीव्ही घेतले, गाड्या घेतल्या. आमचा पठ्ठ्या इंजिनीअर होऊन मानेसरला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात लागला, कंपनीच्या बसनं जायचा. गुरगावात मोहरीच्या शेतांतून टॉवर उगवत होते, त्यातल्या एकात त्यानं फ्लॅट घेतला, आणि बाहेरचं काहीही मागवता यायला लागल्यावर पुतळे मागवायला सुरुवात केली. पाट्यांवर गुरुग्राम झालं तरी आमच्या तोंडी गुरगावच राहिलं. वडील गेल्यावर मीही तिथंच दोन सेक्टर सोडून घर घेतलं, आई माझ्याकडे आली.

त्याच्या बिल्डिंगमध्ये त्याचा एक मित्र राहायचा. पुण्याचा, कॉम्प्युटर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, आवाज असा की लिफ्टमधून कळावं. त्यालाही हेच खूळ, पण उलट्या बाजूनं. तो मुद्दाम तुटके पुतळे शोधून घ्यायचा आणि त्यांचं भलतंच काहीतरी करायचा. एकाचं मुंडकं दुसऱ्याला, डोळ्यांत दिवे, तलवारीच्या जागी छत्री. माझ्या भावाला ते पाहून अक्षरशः शिसारी यायची. त्याचं म्हणणं एकच, तुटलेलं होतं तसं करायचं, त्यात आपली अक्कल पाजळायची नाही. मित्र म्हणायचा, "अरे यार, तुटलं म्हणजे सुटलं! आता तो कंपनीचा नाही, माझा." दर रविवारी त्यांचं यावरून वाजायचं. मी चहा घेऊन बसायचे आणि वाटायचं, चाळिशीतले हे दोन बाप्ये, यांना दुसरा उद्योग नाही का.

भावाचा सगळ्यात लाडका पुतळा म्हणजे रात्रीचा पहारेकरी. निळा झगा, डोक्याला टोप आणि उजवा हात पुढे केलेला, तळवा उघडा, 'थांबा' म्हणतोय असा. मला त्यातलं काही कळत नसे, पण तो हात छान होता एवढं मलाही कळायचं. घर हलवताना सामानवाल्यांनी बाकीचे पुतळे नीट आणले. पहारेकऱ्याला मात्र थर्माकोलच्या साच्यात उलटा कोंबला. माझ्याकडे आणून खोकं उघडलं तर हात कोपरापासून तुटलेला, दोन बोटं वेगळी.

स्मशानात मी रडले नव्हते. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. त्या खोक्यापुढे फरशीवर बसून हमसून हमसून रडले. आई दारात उभी राहून बघत होती. तिला वाटलं असेल, पोरीचं डोकं फिरलं.

मित्र भेटायला आला तेव्हा त्यानं तुकडे हातात घेऊन पाहिले. "ताई, देऊन टाका माझ्याकडे. असा मस्त करतो की बस. हातात कंदील देऊ, आत दिवा." मी त्याला जवळजवळ हाकललाच. म्हटलं, तो जिवंत असताना कधी हात लावू दिला नाही तुला, आता मी देईन होय? हा जसा होता तसाच होणार आणि मीच करणार.

आणि खरंच शिकले. भाऊ कसं करायचा ते मी रविवारी बघितलं होतं. दोन्ही बाजूंना बारीक भोक पाडायचं, आत पोलादी तार, मग चिकटवायचं, फट लुकणानं भरायची, घासायची, आणि रंग पाण्यासारखा पातळ करून थरावर थर. आधी उन्हात बघायचा, मग ट्यूबलाइटखाली. मी फुटक्या कपांवर हात बसवला. ऑफिसातून आले की तेच. आई जेवायला हाका मारून थकायची. हे एक झालं की काहीतरी जागेवर येईल असं मला वाटत होतं. काय येणार होतं, देव जाणे. पण त्या हिवाळ्यात मला दुसरं काही नकोच होतं. त्याची एक तरी वस्तू, तो ठेवून गेला तशी, माझ्या घरात उभी राहायला हवी होती.

फक्त थंडी सरायची वाट बघायची होती. भावाचा नियमच होता, धुकं असताना रंगाला हात लावायचा नाही. ओल धरते आणि वरचं वार्निश दुधाळ होतं. म्हणून तुटलेला हात आणि बोटं मी कापसात गुंडाळून मिठाईच्या डब्यात ठेवली आणि डबा पुतळ्याशेजारी कपाटात.

पाडव्याच्या आदल्या रविवारी मी सगळी हत्यारं टेबलावर मांडली, खिडक्या उघडल्या, आणि कपाट उघडलं तर डबा नाही.

"आई, इथला डबा?"

आई पडदे काढत होती. पाडव्याआधी घर धुऊन काढायची तिची पद्धत, चाळीस वर्षांत दिल्लीनंही ती मोडली नव्हती. ती मागे न वळता म्हणाली, "पिंपळाखाली ठेवून आले. गुरुवारी."

आमच्या सोसायटीच्या मागच्या गेटाबाहेर एक पिंपळ आहे. इकडे लोक भंगलेल्या मूर्ती, काच फुटलेल्या तसबिरी, जुनी देवांची कॅलेंडरं कचऱ्यात टाकत नाहीत, पिंपळाखाली ठेवतात. आपल्याकडे खंडित मूर्ती पाण्यात सोडतात. पण यमुनेची काय दशा आहे ते सगळ्यांना माहीत, तेव्हा आईनं कधीच इथला रिवाज उचलला होता. मी चप्पल न घालता खाली धावले. पाराशी सोंड तुटलेले दोन गणपती होते, एक लक्ष्मी, पिठाचे दिवे, लाल चुनरीचा बोळा. मी गुडघ्यांवर बसून देवांना बाजूला सारत होते. जाणारे-येणारे बघत होते. बघेनात का.

गेटवरचा पहारेकरी आला. "मैडम, कुछ गिर गया क्या?"

"एक डिब्बा था. मिठाई का."

"वो तो कल ही सफाईवाली गाड़ी सब ले गई."

घरी आले ती आईवर तुटूनच पडले. काय वाट्टेल ते बोलले. ती मूर्ती नाही, खेळण्यासारखी वस्तू आहे, तिला कसला आलाय खंडित-अखंडित? तुला विचारता येत नव्हतं? माझ्या कपाटाला हातच का लावलास? एवढी शिकलेली बाई तू! आईनं ऐकून घेतलं. पडदा अजून तिच्या हातातच होता. मग म्हणाली, "मला मूर्तीबिर्तीचं काही नव्हतं गं. मी मिठाई म्हणून डबा उघडला. आत कापूस. कापसात हात. बोटं वर आलेली." तिनं हातातला पडदा खुर्चीवर ठेवला. "हॉस्पिटलमधून आणला तेव्हा त्याच्या नाकात कापूस होता. तू अॅम्ब्युलन्सचं बघत होतीस, मी त्याच्याजवळ होते. असं काही घरात ठेवायचं नाही. मला नाही सहन होणार."

मला तिचा राग आला होता आणि तो तिथंच, तसाच, तोंडात राहिला. मी हत्यारं गोळा केली. पाडव्याला आम्ही गुढी उभारली नाही. वर्षाच्या आत सण करायचा नसतो हे एक कारण होतं, पण केला असता असंही नाही.

मग काही आठवडे पहारेकरी थोट्या हाताचा उभा होता. आई त्या खोलीत जाईना. शेवटी मीच मित्राला फोन केला. तो आला, या वेळी आवाज खाली ठेवून. मी म्हटलं, इंटरनेटवर या पुतळ्याचे फोटो आहेत, त्यावरून हुबेहूब हात करून दे.

"करतो की, ताई. बिल्कुल सेम होईल." तो जरा घुटमळला. "पण त्याला हे चाललं नसतं. असली तुकडा आहे तोवर रिपेअर, म्हणायचा. तुकडाच नाही आणि तसाच दुसरा करून लावला, तर ती नक्कल. मी एकदा केलं होतं तसं, तर महिनाभर बोलला नव्हता माझ्याशी."

हे खरं होतं, आणि त्यानं ते सांगितलं याचा मला संताप आला. म्हणजे आता भावाच्या नियमानं काही उरलंच नव्हतं. जसा होता तसा करणं बंद झालं होतं. राहिलं होतं ते ह्याचं खूळ, कंदील आणि दिवे.

"मग कसला हात लावणार आहेस?" मी विचारलं.

आई केव्हा दारात येऊन बसली होती आम्हाला कळलं नाही. म्हणाली, "त्याचा लाव. माझ्या मुलाचा."

मित्रानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यानं पिशवीतून दोन रंगांची, मिसळली की दगडासारखी घट्ट होणारी माती काढली, मळून एक केली, तारेवर तळव्याचा गोळा चढवला. मग सहज विचारलं, "काकू, बोटं कशी होती त्याची? लांब की आखूड?"

"लांब," आई म्हणाली.

"आखूड," मी म्हणाले.

दोघी एकदमच बोललो. मग मी फोन काढला. शेकडो फोटो आहेत त्याचे. एकात हात खिशात. एकात मित्राच्या खांद्यामागे. एकात जेवणाच्या ताटाखाली, एकात मागे बांधलेले. वाढदिवसाचा होता, त्यात सुरी धरलेला हात हलून धूसर झालेला. आई तिच्या पेटीतला अल्बम घेऊन आली. मुंजीतला हात सापडला, आठ वर्षांचा. मोठेपणीचा एकही नाही. रोज त्या हातांनी आम्ही दिलेलं घेतलं होतं त्यानं, चहा, डबे, किल्ल्या. अंगठा कसा होता? नखं कशी? मी डोळे मिटून बसले. मला फक्त पानाच्या कडेला कड लावणारा लहान मुलाचा हात दिसत होता. वर्षसुद्धा झालं नव्हतं त्याला जाऊन.

"राहू दे, काकू," मित्र हळूच म्हणाला. "दुसरं काहीतरी करू."

आईनं पदरानं टेबल पुसलं, त्यावर आपला उजवा हात ठेवला, तळवा उघडा करून पुढे. "हा बघून कर. बारशाला सगळे म्हणाले होते, हात आईचे घेतलेत."

तो खूप वेळ करत होता. आईचा हात भरून यायचा, मग ती दुसऱ्या हातानं मनगट धरायची. मातीत हळूहळू तळवा आला, रेषा आल्या, अंगठ्याचा फुगवटा आला. बोटांपाशी येऊन तो थांबला. आईच्या सांध्यांवर संधिवातानं गाठी आल्या आहेत आणि करंगळी वाकडी झाली आहे.

"काकू, या गाठी नको घ्यायला ना? तो तर चव्वेचाळीसचा होता. सरळ करतो बोटं."

आईनं हात हलवला नाही. "घे," ती म्हणाली. "माझ्या आईला होत्या, मामाला होत्या. त्यालाही आल्या असत्या."

मित्रानं मान खाली घातली आणि चिमूटभर माती घेऊन पहिली गाठ बसवली.