धुतलेली पिंपं

लाँड्रीवाल्या काकूंच्या घरात धूळसुद्धा पाय पुसून शिरते, असं गल्लीत म्हणत. जन्मभर त्यांनी लोकांचे कपडे धुतले, त्या साबणावर मुलाला वाढवलं. मुलगा गेला, तेव्हा सुनेच्या पाठीशी उभ्या राहिल्या. सूनही काही ऐरीगैरी नव्हती. नवऱ्याची व्हॅन तिने विकली नाही, स्वतः चालवायला घेतली. टेकडीपलीकडच्या वस्तीतले डायलिसिसचे पेशंट ती हॉस्पिटलात नेऊ-आणू लागली. डिझेल परवडेना, तशी काकूंनी कंबर कसली. हॉटेलांतलं वापरलेलं तळणाचं तेल आणून, त्यात मेथनॉल आणि कॉस्टिक सोडा ढवळून त्या मागच्या शेडमध्ये व्हॅनचं इंधन करू लागल्या. या वयात बायका गुडघ्यांना तेल चोळतात, काकूंनी ते गाडीला पाजलं!

सगळं छान चाललं होतं. पण हॉटेलवाल्यांचे कळकट डबे काकूंना बघवेनात, म्हणून तेल भरायला त्यांनी आपली पिंपं द्यायला सुरुवात केली. नेमकं तेव्हापासून बिघडलं. तयार इंधनात उरलेला सोडा धुऊन काढायला पाणी घातलं की फेस उसळायचा. तेल आणि पाण्याच्या मध्ये नासलेल्या दुधासारखा थर बसायचा. वरचं त्यातल्या त्यात बरं दिसलं, म्हणून काकूंनी ते गाळून दिलं आणि व्हॅन पेशंटसकट चढावर बंद पडली.

“पुन्हा असं झालं तर फेरी दुसऱ्याला देऊ,” हॉस्पिटलच्या साहेबांनी सांगून टाकलं.

मेकॅनिकने फिल्टर काढून काकूंच्या हातावर ठेवला. आत नुसता बुळबुळीत साका. “काकू, डिझेल केलंत की साबण?”

काकूंनी तो बोटांत चोळला. साबणच होता. ज्याने पोसलं त्यानेच तोंडघशी पाडलं, हे त्यांना फार लागलं. “पुढच्या फेरीला पंपावरचं भर,” त्या सुनेला म्हणाल्या.

“पंपावरचं कशाला? घरात तुम्ही आहात ना, आई!”

एवढा विश्वास टाकल्यावर माणसाने करावं तरी काय? काकूंनी सोड्याचं माप तपासलं, ते बरोबर होतं. ढवळणं हळू केलं, तरी फेस तसाच. शेवटी वैतागून पिंपातलं डावभर तेल कढईत तापवलं, तर तडतड, तडतड! काकू मागे सरकल्या आणि थबकल्या. तेलात पाणी! पाणी राहिलं की सोडा आपलं काम सोडून साबण करत बसतो, हे त्यांना ठाऊक होतं. पण पाणी आलं कुठून?

भिंतीशी त्यांनीच साबणाने घासून धुतलेली पिंपं चकाकत होती. काकूंनी एकाच्या तळाशी हात घातला. तळ ओला होता, वर साबणाचा बुळबुळीतपणा. म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं होतं! काकू एकट्याच खो-खो हसल्या.

मग त्यांनी तेल तडतड थांबेपर्यंत तापवलं, निवू दिलं आणि मगच पुढचं सगळं केलं. धुवायचं पाणी बदाबदा न ओतता झारीने हलकेच सोडलं. फेस आला तसा विरला. पाणी खाली बसलं, वर मधासारखं नितळ इंधन राहिलं. रिकामी पिंपं आता पाणी न लावता फडक्याने पुसायची होती. काकूंच्या अगदी जिवावर आलं, पण त्यांनी पुसली.

फेरीच्या दिवशी काकू हट्टाने व्हॅनमध्ये बसल्या. “बंद पडली तर धक्का मारायला मी हवी!”

वस्तीतल्या आजोबांनी चढण्याआधी विचारलं, “मागच्या खेपेला बंद पडली ती ह्यांच्याच तेलाने ना?”

“हो, ह्यांच्याच,” सून म्हणाली. “आजही ह्यांचंच आहे. बसा निवांत.”

आजोबा दबकत बसले. चढ आला. व्हॅन एकदाही न अडखळता वर गेली, उतरली आणि वेळेत हॉस्पिटलच्या दारात उभी राहिली.

साहेब दारातच होते. “उद्याही अशीच येणार ना गाडी?” त्यांनी सुनेला विचारलं.

सुनेने काकूंकडे बोट दाखवलं. “ह्यांना विचारा. गाडी ह्यांच्या जिवावर चालते.”

काकूंनी मान ताठ केली. “येणार की. रोज येणार!”