साळवेभाऊंनी बिघडवलेलं भिंग

त्या रविवारी सकाळी फोनवर साळवेभाऊंचं नाव दिसलं आणि मी हॅलोसुद्धा म्हटलं नाही. रविवारी दहाच्या सुमारास त्यांचा फोन यायचाच आणि प्रश्न ठरलेला असायचा, "साहेबांची बोटं काय म्हणत्यात, वहिनी?" म्हणून मी सरळ सांगायलाच लागले, की आज साहेबांनी मटार सोलले, अर्धे खाली सांडले पण अर्धे तरी पातेल्यात पडले, आणि एक दाणा माझ्या अंगावर मारला तो मुद्दामच...  पलीकडून बारीक आवाज आला, "काकू, मी सुजाता. बाबा गेले. पहाटं झोपेतच..." साळवेभाऊंची मुलगी ती.  आमचे हे, म्हणजे माझे यजमान, समोरच मटाराचं ताट मांडीवर घेऊन बसले होते. त्यांना सांगितलं. त्यांनी ताट बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "फुलंब्रीला जायचं. आत्ता." अर्धांगवायूनंतर त्यांनी घराबाहेर जायचं स्वतःहून काढलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. यशवंत साळवे हे नाव पुंडलिकनगरच्या बाहेर फारसं कुणाला ठाऊक असायचं कारण नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी औषधांच्या दुकानाला चिकटून त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं, इतकं अरुंद की दोन गिऱ्हाईकं आली तर एकाने बाहेर उभं राहायचं. रेडिओ, टेप, सीडीवाले डबे असा प्रवास करत गेल्या काही वर्षांत ते मिक्सर आणि रिमोटवर आले होते. रोज फुलंब्रीहून बसने यायचे. ती बस पुष्कळ वर्षं आमच्या ह्यांचीच असायची, सोयगावहून सकाळी शहरात येणारी. हे एसटीत ड्रायव्हर. साळवेभाऊ हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन त्यांच्या मागच्याच बाकावर बसायचे आणि इंजिनाच्या आवाजावरून काय काय ओळखायचे. तेव्हापासून ते ह्यांना 'ड्रायव्हरसाहेब' म्हणत, आणि निवृत्तीनंतरही त्यांनी ते पद काढून घेतलं नाही.

दुकानात वस्तू नेली की साळवेभाऊ आधी बिघाड विचारत नसत. "हे कोण वापरतं? कशापायी?" हा पहिला प्रश्न. पहिल्यांदा मी इस्त्री घेऊन गेले तेव्हा मला रागच आला होता. मी शाळेत शिक्षिका, उलटतपासणी घ्यायची सवय मला, द्यायची नाही. म्हटलं, "इस्त्री आहे भाऊ, कपड्यांना वापरतात." ते हसले. "तसं नाय वहिनी. सकाळी घाईत वापरता, का सांजच्याला निवांत?" मी सांगितलं ते त्यांनी चिठ्ठीवर लिहून इस्त्रीला बांधलं. चार दिवसांनी इस्त्री आणायला गेले तर चिठ्ठी तशीच होती. 'शाळेच्या बाई. सकाळी घाई. वायर धरून ओढतात.' शेवटचं वाक्य मी सांगितलेलं नव्हतं. ते त्यांनी वायर बघून ताडलं होतं आणि ते शंभर टक्के खरं होतं. वस्तू उघडली की तिचा आकार एका पुठ्ठ्यावर काढायचे आणि जो स्क्रू जिथून निघाला त्या जागी तो पुठ्ठ्यात टोचून ठेवायचे. हातातलं काम संपेस्तोवर दुसऱ्या वस्तूला हात नाही. घाई करणाऱ्याला ते चहा पाजत आणि तरीही घाई करत नसत.

दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय महिन्याभरात सावरला, हात काही हलेना. बोटांचा व्यायाम घ्यायला एक मुलगी घरी यायची. मऊ चेंडू दाबा म्हणायची. हे चेंडूकडे असं बघायचे की जणू कुणी त्यांच्या वयाची थट्टा करतंय, आणि एकदा तर डाव्या हाताने तो भिंतीवर फेकला. मग आमच्या मुलाने बंगळुरूहून सुचवलं, की माझ्या कॉलेजच्या दिवसांतला हातात धरायचा गेम कपाटात आहे, तो द्या बाबांना. दोन्ही हातांत मावेल असं ते यंत्र, मधे पडदा, दोन्हीकडे बटणं, आणि मागे बिस्किटाएवढी छोटी डिस्क घालायची. त्या डिस्कवर गाड्यांची शर्यत होती. आणि काय सांगू... ज्या माणसाने चेंडू भिंतीवर फेकला होता तो तासन्‌तास उजव्या अंगठ्याने ब्रेक दाबू लागला. शर्यत मात्र एकही जिंकले नाहीत. वळणावर ओव्हरटेक करायचा नाही, मागच्याला वाट द्यायची, पुलावर वेग कमी, असे सगळे नियम पाळून शेवटचे यायचे. पण बोटं हलू लागली होती. ती मुलगी म्हणाली, हे रोज चालू दे काकू, आता खंड पडला तर बोटं पुन्हा आखडतील.

आणि नेमका तो गेम बंद पडला. डिस्क आत फिरायची, टक-टक-टक आवाज यायचा आणि पडदा काळाच राहायचा. मोबाइलवर खेळा म्हणून मुलाने फोनवर समजावलं, पण ह्यांच्या बोटांना काचेचं काही कळतच नव्हतं. त्यांना दाबल्यावर खाली जाणारं बटण लागायचं. तीन दुकानं मी पालथी घातली. शेवटच्या दुकानातला पोरगेला मालक म्हणाला, "आंटी, ये अब कोन बनाता? फेंक देव, नवा मोबाइल लेव." चौथ्या दिवशी ह्यांनी हात पांघरुणात घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं. मी साळवेभाऊंकडे गेले.

त्यांनी आपला प्रश्न विचारला, मी सगळं सांगितलं. चिठ्ठी लिहिली, 'ड्रायव्हरसाहेबांच्या उजव्या हातासाठी.' मग म्हणाले, "वहिनी, खरं सांगतो, असलं यंत्र म्या आजवर उघडलेलं नाय. पण सीडीचे डबे लई उघडलेत. साहेबांना संगं आणा, त्यांच्यापुढंच उघडतो." दुसऱ्या दिवशी रिक्षाने ह्यांना नेलं, स्टुलावर बसवलं. साळवेभाऊंनी पुठ्ठ्यावर आकार काढला, स्क्रू टोचले, झाकण काढलं. आत मसुराच्या डाळीएवढं भिंग, त्यातून किरण डिस्कवर पडतो आणि ती वाचली जाते, असं ह्यांना समजावून सांगितलं. भिंगावर धूळ दिसतेय म्हणाले. धूळ पुसायचं स्पिरिट आणि रंग काढायचं थिनर त्यांच्याकडे खोकल्याच्या औषधाच्या एकसारख्या दोन बाटल्यांत असायचं. हे तेव्हा जुन्या बसच्या गिअरबद्दल काहीतरी सांगत होते, बऱ्याच दिवसांनी इतकं बोलत होते, आणि साळवेभाऊ मान वर करून ऐकत होते. हात भलत्या बाटलीकडे गेला. कापसाची काडी भिंगावर फिरली आणि ते भिंग मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखं पांढरं पडलं. थिनरचा वास मलाही आला, पण त्या वासाचा अर्थ मला कळला नाही. त्यांनी काडी खाली ठेवली. "वहिनी, चूक झाली माझ्या हातनं. थिनर लागलं. भिंग गेलं." बस, एवढंच. यंत्रच जुनं होतं, असं ते म्हणू शकले असते. आम्ही मान डोलावून घरी आलो असतो.

पुढचे तीन आठवडे त्या माणसाने जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. तसलंच मेलेलं यंत्र कुठं भंगारात मिळतंय का म्हणून शहागंजापासून सिडकोपर्यंत जिथं जिथं जुना माल निघतो तिथं फिरले. उन्हातान्हात, साठी ओलांडलेला माणूस. आणि ह्यांची बोटं आखडू नयेत म्हणून एका फळीवर जुन्या टेपरेकॉर्डरची बटणं बसवली, प्रत्येक बटणावर एक छोटा दिवा आणि त्याखाली गाव. फुलंब्री, सिल्लोड, अजिंठा, फर्दापूर, सोयगाव. बटण दाबलं की गाव उजळायचं. रोज दुपारी मी ह्यांना दुकानात बसवून यायचे आणि हे स्टुलावर बसून शहरापासून सोयगावपर्यंत जाऊन यायचे. साळवेभाऊ मधेच ओरडायचे, "साहेब, सिल्लोडला थांबा दिला नाय तुम्ही, पाशिंजर कावलेत!" आणि हे चिडून बटण पुन्हा दाबायचे.

चौथ्या आठवड्यात यंत्र मिळालं, पडदा फुटलेलं, पण आतलं भिंग शाबूत. ते बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला बोलावलं. डिस्क घातली, शर्यत सुरू झाली, हे नेहमीप्रमाणे शेवटचे आले, आणि मी तिथेच पदराने डोळे पुसले. तेव्हा साळवेभाऊ म्हणाले, "वहिनी, एक सांगायचं ऱ्हायलंय. दुसरं भिंग बसवलं तरी काल टक-टक चालूच होती. मग रूळ बघितला, ज्याच्यावरनं भिंग सरकतं तो. त्यातलं ग्रीस वाळून खडा झालं होतं. ते काढलं, घड्याळाचं तेल सोडलं, अन् चाललं. म्हंजी भिंग चांगलंच होतं पयल्यापासून. म्या ते उगाच बिघडवलं. पयल्या दिवशी रूळ बघितला असता तर साहेब त्याच दिवशी खेळले असते."

आणि मी, जिने त्यांचे पाय धरायचे, मी त्यांच्यावर तोंड सोडलं. ह्यांचे तीन आठवडे गेले, बोटं पुन्हा आखडली असती तर तुम्ही काय केलं असतं, तीस वर्षं काय झक मारलीत का दुकानात... असं बरंच काही. शाळेत पोरांनाही मी कधी तसं बोलले नव्हते. साळवेभाऊ उभे राहून ऐकत होते. "व्हय. खरंय तुमचं," म्हणाले. मधे एकदाही तोंड फिरवलं नाही. शेवटी आमचे हेच बोलले, त्यांची जीभ तेव्हा अजून जडच होती. "आमच्या डेपोत आपली चूक सांगणारा असा एक जरी मेकॅनिक असता तर..."  मी यंत्र पिशवीत टाकलं आणि निघाले. त्यानंतरच्या रविवारपासून त्यांचा तो फोन सुरू झाला. दर रविवारी मी त्यांना बोटांची खबर द्यायचे. त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल माफी मात्र मी मागितली नाही. मागेन मागेन म्हणत राहिले. ते राहिलंच.

गेल्या आठवड्यात सुजाताने दुकान उघडलं. लोकांच्या वस्तू ज्याच्या त्याला पोचवायच्या होत्या आणि चिठ्ठ्या वाचायला मी सोबत असावं, अशी तिची इच्छा होती. हेही आले. एकेक चिठ्ठी वाचताना हसू यायचं. 'आजींचा रेडिओ. बातम्या ऐकत नाहीत, सोबत म्हणून लावतात.' 'नवीन लग्न. मिक्सर माहेरचा आहे, जपून.' सगळं वाटून झाल्यावर सुजाताने फळीच्या मागून एक पत्र्याचा डबा काढला. "काकू, ह्याला बाबा कुणाला हात लावू देत नव्हते. मला वाटलं काहीतरी किमती असंल." आत कागदाच्या पुड्या होत्या. जळालेली एक मोटार, तुटलेली एक पट्टी, वाकलेली सुई. प्रत्येक पुडीवर त्यांच्या अक्षरात काय चुकलं ते. तीसेक वर्षांत त्यांच्या हातून जे बिघडलं ते सगळं त्यांनी जपलं होतं आणि अधूनमधून काढून बघत असावेत, कारण कागदांच्या घड्या मऊ पडल्या होत्या. सगळ्यांत वरची पुडी आमची होती. 'ड्रायव्हरसाहेबांचं भिंग. बोलण्याच्या नादात बाटली चुकली. आधी रूळ बघायचा. वहिनी रागावल्या ते बरोबर होतं.'

 मी स्टुलावर बसले आणि सुजाताचा हात धरून जे त्यांना म्हणायचं होतं ते तिला म्हटलं. तीही रडत होती. तेवढ्यात ह्यांनी पुडी स्वतःकडे ओढली. आत नखाएवढा तो तुकडा, त्यावर पांढरं पडलेलं भिंग. मी उचलून द्यायला हात पुढे केला तर त्यांनी डाव्या हाताने माझा हात बाजूला सारला. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी त्या तुकड्यावर नेली. पहिल्यांदा निसटला. दुसऱ्यांदाही.  तिसऱ्यांदा चिमटीत आला. त्यांनी तो शर्टाच्या खिशात टाकला. दोन वर्षं ह्यांच्या शर्टाची सगळी बटणं मी लावतेय. त्या खिशाचं त्यांनी उजव्या हाताने, सावकाश, स्वतः लावलं.